कुसुम पुढे, करंज मागे

गोंदिया जिल्ह्याच्या हिरवाईत ज्या एका माणसाचा सर्वांत मोठा वाटा आहे, त्या माणसाच्या घरासमोर राहण्याचं भाग्य मला लाभलं. आता हेही सांगून टाकतो की या माणसाने स्वतःसाठी आयुष्यात दोनच झाडं जगवली, आणि त्यांतलं एक चुकीच्या बाजूला लावलं.

ते सडक अर्जुनीकडे एका सरकारी रोपवाटिकेत कामाला होते. पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, माती भरायची, बी टोचायचं, पाणी द्यायचं, आणि रोप गुडघ्याएवढं झालं की ट्रकमध्ये चढवून द्यायचं. पुढे ते कुठे गेलं, कुणी लावलं, जगलं की मेलं, हे त्यांना कधी कळत नसे. लावणारे वेगळे असत. त्यांचे फोटो निघत.

"पन्नी काढली का?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. तुम्हीही असे समारंभ पाहिले असतील. मांडव, सतरंजी, खड्ड्याभोवती रांगोळी. साहेब रोप ठेवतात, दोन मुठी माती लोटतात, झारीने पाणी घालतात, टाळ्या होतात. रोप पिशवीसकट जमिनीत गेलेलं असतं आणि त्याची मुळं पुढचे सहा महिने पिशवीतल्या पिशवीत गोल फिरत राहतात. आमचे भाऊ (गल्लीत त्यांना सगळे नर्सरीवाले भाऊच म्हणत) रोपांसोबत अशा समारंभांना जात, मागे उभे राहत, आणि मांडव सुटायला लागला की खिशातलं ब्लेड काढून साहेबांनी लावलेलं रोप उपटत, पन्नी फाडत आणि परत लावत. "रांगोळी मोडते थोडी," एवढंच ते म्हणत.

सवय अशी जडली होती की लग्नातली भेटवस्तू, माझ्या स्कूटरचं नवं सीट, शेजाऱ्यांचा टीव्हीचा रिमोट, काहीही दिसलं की पहिला प्रश्न तोच. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि एक प्रमाणपत्र मिळालं. पर्यावरणाच्या क्षेत्रातील अमूल्य योगदानाबद्दल. प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं होतं. भाऊंनी ते दोनदा उलटंपालटं करून पाहिलं आणि साहेबांना विचारलं, "याची पन्नी निघत नाही का जी?" साहेब खूप हसले म्हणे. भाऊ हसले नव्हते.

निवृत्तीनंतर, १९९९ साली, त्यांनी गोंदियालगत कुडव्यात लहानसं घर बांधलं. त्याच वर्षी मी समोरच्या घरात राहायला आलो. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवत होतो. हे मुद्दाम सांगतो, पुढे उपयोगी पडेल. मधे दहा-बारा फुटांची गल्ली. त्यांच्या घराचं तोंड पूर्वेला, माझ्या घराचं पश्चिमेला. दिशा कृपया लक्षात ठेवा. सगळी गोष्ट दिशांचीच आहे.

पहिल्याच हिवाळ्यात भाऊंच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, लकवा मारला. उजवी बाजू गेली. दोन महिन्यांनी वाचा परत आली, ती त्यांनी सर्वप्रथम नवऱ्याला बोलण्यासाठी वापरली. भाऊंच्या हातून भात उतू जात होता, तेव्हा त्या बाजेवरून म्हणाल्या, "माजा हात आता गेला. तुमचा तं घरात पहिलेपासूनच नव्हता."

भाऊ हसले. पण त्या दिवसापासून त्यांना एक गोष्ट लागून राहिली. नोकरीभर ही बाई रोपवाटिकेच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहिली होती. उन्हाळ्यात दुपारी झाडाखाली बाज टाकून तांदूळ निवडायची. आणि आता या सिमेंटच्या डब्यात आणून टाकली. भाऊंनी ठरवलं, अंगणात झाड लावायचं. तिची बाज त्याच्याखाली टाकायची.

कोणतं झाड, यावर गल्लीत बरीच चर्चा झाली. प्रत्येकाला लवकर वाढणारं हवं होतं. कुणी गुलमोहर सुचवला. "तो पाहुणा हाय," भाऊ म्हणाले. "मे महिन्यात फुलं दाखवते, सावली नाही देत." कुणी अशोक म्हणालं. "तो खांब हाय. त्याले तार बांधा." कडुनिंबाला ते वाईट म्हणाले नाहीत, पण मार्चात झडतो म्हणून बाजूला ठेवला. मोहाचं नाव निघालं, तेव्हा तर त्यांना गहिवरून आलं, तरी तोही ऐन उन्हात उघडा पडतो म्हणून नको. शेवटी कुसुम ठरलं.

"मास्तर, जंगलात पाहा तुमी. मार्चात सारं रान उघडं पडते, तवा कुसुमले लाल पालवी फुटते. मे महिन्यात ढोरं त्याच्याच खाली उभी राहतात. ढोरायले कोणं सांगतलं?"

"पण फार हळू वाढतं म्हणे."

"हळू वाढते. आपल्याले कुठं जाचं हाय?"

मग जागा. यासाठी त्यांनी आठ दिवस घेतले. अंगणात स्टूल टाकून बसत, माती चिमटीत चुरत, खड्डा करून त्यात पाणी सोडत आणि ते किती वेळात जिरतं ते पाहत. पुढे, फाटकाजवळ, कुंपणाच्या भिंतीपासून हातभर आत जागा नक्की झाली. मला बोलावून दाखवली.

"कवळ्या रोपाले सकाळचं ऊन पाहिजे. दुपारचं नको. इथं दुपार कलली का घराची सावली येते त्याच्यावर."

"म्हणजे घर झाडाला सावली देणार?"

"मंग? पहिले घरानं द्याची, मंग झाडानं."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. सूर्याच्या भासमान भ्रमणाचा धडा चालू होता.

पहिल्या पावसात रोप लागलं. पन्नी काढून, अर्थात. भोवती बांबूचा पिंजरा, त्याला बोरीच्या काट्या. वहिनींची बाज तेव्हा पुढच्या खोलीत होती. दारातून रोप दिसायचं. भाऊ म्हणाले, "पाच वर्सं थांब. तुजी बाज याच्या खाली टाकतो."

"मी थांबन," वहिनी म्हणाल्या. "हे शरीर थांबन का, ते इचारा त्याले."

चौथ्या वर्षी दुसरा झटका आला. आता त्यांना कुशीवरही वळता येईना. बाज मागच्या खोलीत हलवावी लागली, कारण संडास-मोरी तिकडे. ती खोली पश्चिमेची. दुपारी दोनपासून भिंत तापायला लागे, आणि दिवेलागणीनंतरही तिच्यावर तळहात टेकवता येत नसे. कूलर होता. पण ते भारनियमनाचे उन्हाळे होते. वीज नेमकी दुपारी जायची आणि कूलर पेटीसारखा उभा राहायचा. वहिनींच्या पाठीला जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाले, घाम येऊ देऊ नका, थंड जागी ठेवा. जखमा भरल्या नाहीत तर कठीण आहे. थंड जागा गोंदियात मे महिन्यात कुठे मिळते, ते त्यांनी लिहून दिलं नाही.

भाऊंचा भरवसा कुसुमवर होता. पाण्यात कधी खंड पडला नव्हता. पाचव्या मे महिन्यात झाड आठेक फूट झालं, दाट, नुकत्याच हिरव्या झालेल्या पानांचं. एका दुपारी दीडच्या सुमाराला वीज गेलेली होती आणि वहिनी मागच्या खोलीत कण्हत होत्या. भाऊ गल्ली ओलांडून माझ्याकडे आले.

"मास्तर, तुमच्या घरच्या वयनीले घ्या संगं. बाज पुढं न्याची हाय."

आम्ही तिघांनी बाज उचलली. भाऊ आणि मी पुढे-मागे, माझी बायको पाठीखालची उशी धरून. दोन दारांतून ती तिरपी करून काढताना वहिनींनी ओठ दाबून धरला होता. झाडाखाली बाज टेकवली. सावली होती. भाऊंनी तांब्याने बाजेभोवती पाणी शिंपडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत जमिनीवर बसले. इतकं सुखी त्यांना मी आधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

पंधरा मिनिटांनी वहिनींच्या पायावर ऊन आलं. आम्ही बाज सरकवली. मग गुडघ्यावर आलं. पुन्हा सरकवली. मग बाज कुंपणाच्या भिंतीला टेकली, आणखी सरकवायला जागा उरली नाही. घराच्या भिंतीलगत हातभर सावली होती, पण ती भिंत सकाळपासून तापून तव्यासारखी झाली होती. दोन वाजता आम्ही सगळे उन्हात उभे होतो आणि कुसुमची सावली, दाट, गार, गोल, भिंतीपलीकडे गल्लीत पडली होती. तिच्यात एक कुत्रं येऊन झोपलं होतं.

वहिनींनी मान जेवढी वळते तेवढी वळवली. फाटकाच्या गजांतून त्यांना ते दिसलं.

"सावली तं कुत्र्याले देऊन राहिले तुमी," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून, "न्या मले परत."

परत नेताना पाठीची एक जखम उघडली. त्यानंतर त्या खोलीबाहेर आल्या नाहीत.

संध्याकाळी भाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"मास्तर, दुपारी सूर्य कोणीकडं जाते?"

"पश्चिमेला."

"तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"मले बी माहीत होतं," ते म्हणाले.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. हा माणूस मूर्ख नव्हता. पण नोकरीभर त्याने सावली रोपाच्या बाजूने पाहिली होती. रोपाला ऊन किती, पाणी किती, वारा कुठून, एवढंच त्याला विचारता येत होतं. मोठ्या झाडाची सावली कुणावर पडते, हा प्रश्न त्याच्या कामात कधी आलाच नाही, कारण रोपं मोठी व्हायच्या आत ट्रक येत असे. त्याने जागा शोधली ती झाडासाठी, आणि झाडासाठी ती अगदी बरोबर होती. माझं काय चुकलं याला मात्र असं काही स्पष्टीकरण नाही. मी पगारच त्याचा घेत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुसुमभोवती खणायला घेतलं. झाड काढून मागे न्यायचं. मी पोचलो तेव्हा कंबरभर खड्डा झाला होता. मनगटाएवढं मूळ सरळ खाली गेलेलं दिसत होतं. भाऊ त्याच्याकडे पाहत उभे होते.

"याले काढलं तं हे बी जाते आन् माजी बाई बी," ते म्हणाले आणि माती परत लोटायला लागले.

मग त्यांनी आपल्याच कामाचे सगळे नियम मोडले. भर मे महिन्यात झाड लावणाऱ्याला ते आयुष्यभर शिव्या देत आले होते. स्वतःच मागच्या बाजूला खड्डा करून कुठून तरी डोक्याएवढ्या उंचीचं करंज आणून लावलं. करंज यासाठी, की ते भरभर वाढतं, शेळ्या तोंड लावत नाहीत आणि मे महिन्यात अंगभर पानं असतात. दहा दिवसांत ते वाळलं. ग्रीन नेटला ते "झाडाचं सोंग" म्हणत. ते आणून भिंतीवर बांधलं. पहिल्या वादळात ते फाटून शेजारच्या टाकीवर गेलं. ओल्या बारदानाचे पडदे केले, भिंतीला भाताच्या तणसाचे भारे टेकवले. तणसात उंदीर झाले. वहिनी म्हणाल्या, "आता उंदरायले थंडक हाय."

पावसात पुन्हा करंज लावलं. या खेपेला लहान रोप. मी म्हटलं, मोठं आणू या का. "लहानच पुढं जाते," ते म्हणाले. "मोठं मागं पाहत राहते." हे रोप जगलं. पण पश्चिमेची बाजू. दुपारचं ऊन थेट. त्याच्यावर भाऊ चटईचा आडोसा करत. म्हणजे सावलीसाठी झाड, झाडासाठी सावली, आणि दोन्हीसाठी हा एक सत्तरीकडे झुकलेला माणूस.

खिडकीशेजारी भिंतीवर ते खडूने खुणा करायचे. करंज किती वर आलं ते दर पंधरा दिवसांनी. त्याच्या सावलीला एक दिवस खिडकीची खालची कड ओलांडायची होती. मी कॉलेजातून आलो की ते मला मागे नेऊन दाखवत. "चार बोटं वाढलं." मीही वाकून पाहत असे आणि हो म्हणत असे, जरी मला कधीकधी तीनच दिसत.

पुढच्या मे महिन्यातली एक दुपार सांगतो आणि पुढे जातो. चार वाजले होते, वीज नव्हती. मी काही विचारायला म्हणून मागच्या बाजूने गेलो. खिडकी उघडी होती. बंद केली तर आत वारा नाही, पडदा लावला तरी नाही, आणि उघडी ठेवली तर ऊन थेट बाजेवर. भाऊ खिडकीबाहेर भर उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, काळी छत्री उघडून उभे होते. छत्री स्वतःवर नव्हती. हात लांब करून त्यांनी ती सूर्य आणि खिडकी यांच्यामध्ये धरली होती, वारा जाईल आणि ऊन जाणार नाही अशा बेताने.

"भाऊ, मी धरतो."

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "आताच डोळा लागला तिचा. तुमची सावली अलग पडन, उठन ते."

"किती वेळ उभे आहात?"

"ऊन उतरेपर्यंत."

"रोज?"

"रोज कायले? लाइट असली तं नाही."

मी घरी आलो. माझ्या ओट्यावर त्या वेळी कुसुमची सावली नुकती चढायला लागली होती. पश्चिमेकडे तोंड असलेलं माझं घर पूर्वी दुपारी भट्टीसारखं होई. त्या वर्षापासून ते सुसह्य झालं. बायकोने खुर्ची ओट्यावर ठेवली होती. मी तिच्यावर बसलो नाही. दुसऱ्या दिवशी बसलो. माणूस किती दिवस उभा राहणार.

तिसऱ्या उन्हाळ्यात करंज आठ फुटांच्या वर गेलं. पण ते भिंतीपासून सात-आठ फुटांवर होतं आणि चारच्या सुमाराला त्याची सावली भिंतीवर चढून खिडकीच्या कडेखाली थांबायची. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ जाळणारे दिवस, लागला तेव्हा अंतर दोन बोटांचं होतं. भाऊ मला म्हणाले, "पावसात दोन बोटं काई नाही. पाऊस येऊ द्या फक्त."

नवतप्याच्या सहाव्या दिवशी, दुपारी, वहिनी गेल्या. वीज होती. कूलर चालू होता. भाऊ बाहेर नव्हते, उशाशी बसले होते. जखमांचं विष अंगात भिनलं होतं असं डॉक्टर म्हणाले, आणि या वयात असंच होतं असंही म्हणाले.

तेराव्यानंतर भाऊंची मुलगी भंडाऱ्याला, आपल्या घरी, परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर भाऊ बादली घेऊन मागे चालले होते. त्यांच्या मागोमाग गेलो. माझ्या तोंडून निघून गेलं, "आता कशाला, भाऊ?"

त्यांनी पाणी ओतलं. आळ्यात ते जिरेपर्यंत वाट पाहिली.

"ते गेली म्हणून याले कोण सांगन?" ते म्हणाले आणि दुसरी बादली आणायला गेले.

त्या पावसाळ्यात करंजाच्या सावलीने खिडकी ओलांडली. पुढच्या मे महिन्यात मागची भिंत चार वाजता पूर्ण सावलीत होती. भिंतीला हात लावून पाहिला, कोमट होती. भाऊंनी मला ती दाखवायला नेलं नाही. मीच एकदा ते नसताना जाऊन पाहिली. खडूच्या खुणा पावसाने पुसल्या होत्या.

भाऊ दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसू लागले. स्वतःच्या कुसुमच्या सावलीत, दुसऱ्याच्या घरी. "पन्नी काढली का?" हा प्रश्न बंद झाला होता. एकदा माझ्या बायकोने नवी गादी आणली आणि मुद्दाम प्लास्टिकसकट ओट्यावर ठेवली, ते विचारतील म्हणून. त्यांनी गादीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चांगली हाय." बायकोने गादी आत नेली आणि स्वतःच पन्नी काढली.

एकदा मात्र त्यांनी आपणहून विषय काढला. वर पाहत म्हणाले, "मास्तर, झाड चांगलं आलं."

"चांगलं आलं."

"जागा त्याच्यासाठी बराबर होती."

"हो."

"मले तिच्यासाठी लावाचं होतं," ते म्हणाले. मग उठून चपला घातल्या.

पुढे गुडघे गेले, डोळे अधू झाले, आणि मुलगी त्यांना भंडाऱ्याला घेऊन गेली. तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. एकदा भेटायला गेलो तर ते गॅलरीत बसले होते. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. "इथं दिवसभर सावली हाय," ते म्हणाले. "झाड नाही, काई नाही, आपोआप हाय." त्याच हिवाळ्यात ते गेले. बातमी फोनवर आली. ते ज्या खात्यात होते तिथल्या कुणाला कळवायचं, हे मुलीला माहीत नव्हतं आणि मलाही.

गेल्या वर्षी तिने घर भाड्याने दिलं. बँकेतला एक तरुण अधिकारी आणि त्याची बायको. चांगली माणसं आहेत. आल्या आल्या त्यांनी मागच्या खोलीत एसी बसवला. मेकॅनिक आला तेव्हा मी मागे उभा होतो. त्याने बाहेरचं यंत्र खिडकीजवळच्या भिंतीवर ठोकलं, करंजाच्या एका फांदीखाली, आणि मान वर करून पाहिलं.

"अच्छी जगह है सर," तो भाडेकरूला म्हणाला. "छाँव में रहा तो बिल कम आता है."